खताची ढेप: कारखान्यापासून कोठ्यापर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आधी काही वर्षं एका मिश्रखताच्या कारखान्यात शिफ्टला होतो, आता यवतमाळ जिल्ह्यात एका लहान गावात कृषी केंद्र चालवतो. म्हणजे ढेप, खताचे दाणे एकमेकाला धरून झालेला घट्ट गोळा, तयार होताना पण पाहिली आणि ढेप झालेलं पोतं काउंटरवर आपटून "हे काय देलं बे मले" असं म्हणणारे लोकंही पाहिले. मृग लागला का रोज तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. क्रम काही खास नाही, जसं आठवलं तसं.

युरियाचं पोतं दगडासारखं काऊन होते?

युरियाचा दाणा हवेतलं पाणी ओढतो. दाण्याच्या वरच्या थरावर अगदी बारीक ओल येते, त्या ओलीत दाण्याचा थोडासा भाग विरघळतो, आणि मग दुपारी हवा कोरडी झाली का ते पाणी उडून जातं पण विरघळलेला युरिया तिथंच राहतो. दोन दाण्यांच्या मधात त्याचा स्फटिक बनतो, पुलासारखा. एक पूल काही नाही, बोटानं तुटते. पण पोत्यात लाखो दाणे आहेत, आणि रात्री ओलं दिवसा कोरडं असं आठ-दहा वेळा झालं का लाखो पूल पक्के होतात. पाकात टाकलेली साखर थंड झाल्यावर जशी एकमेकाला धरते ना, तसंच.

म्हणजे नुसत्या ओलाव्यानं ढेप होत नाही हे लक्षात घ्या. सतत ओलं राहिलं तर खत पाघळते, पाणी सुटते, पोतं खालून गळते. ढेप होते ती ओलं-कोरडं, ओलं-कोरडं या फेऱ्यानं. आपल्या इकडं जून महिना नेमका तसाच असतो, एक दिवस झड आणि दुसऱ्या दिवशी चटका.

याशिवाय दोन गोष्टी मदत करतात, एक वरचं वजन आणि दुसरी उष्णता. त्या पुढं येतील.

सगळीच खतं सारखी धरतात का? डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) तर एवढं धरत नाही.

बरोबर पाहिलं तुम्ही. प्रत्येक खताची एक हद्द असते, हवेत ओलावा तेवढ्याच्या वर गेला का ते पाणी ओढायला लागते, त्याच्या खाली असला तर गप बसते. ३० अंश तापमानाला युरियाची हद्द साधारण ७३ टक्के आर्द्रता, अमोनियम सल्फेटची ७९, डीएपीची ८३, पोटॅशची म्हणजे एमओपीची ८४, आणि सल्फेट ऑफ पोटॅश तर ९६ पर्यंत ढिम्म राहते. उलट्या बाजूला अमोनियम नायट्रेट ५९ ला आणि कॅल्शियम नायट्रेट ४७ ला ओढायला सुरुवात करते.

आता आपल्याकडं जुलै-ऑगस्टच्या रात्री हवा ८५-९० टक्क्याला जाते. मग युरिया काय, डीएपी पण ओढणारच, फक्त डीएपीला वेळ लागतो आणि युरियाला लागत नाही.

यात एक मजेची गोष्ट आहे. खायच्या मिठाची हद्द ७५ टक्के आहे, युरियाच्या अगदी जवळ. आणि बाजारचं खडे मीठ तर त्यातल्या दुसऱ्या क्षारांमुळं जरा आधीच ओलं होतं. म्हणून मी गोडाऊनमध्ये दाराजवळ एका ताटलीत मूठभर खडे मीठ ठेवतो. मीठ चिकट लागलं का समजायचं युरियाची वेळ आली, आज शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं नाही. भिंतीवरच्या घड्याळासारखं आर्द्रता दाखवणारं यंत्र पण मिळतं, महाग नसतं, मी नंतर घेतलं. पण ताटली अजून आहे, यंत्राचा सेल संपतो, मिठाचा संपत नाही.

गोडाऊनला हवा खेळती पाहिजे ना? आमचे आबा तर सांगायचे का दार उघडं ठेवत जा.

आबा धान्याचं सांगत होते. गहू, तूर, हरभरा यांना हवा लागते, धान्य श्वास घेतं, गरम होतं, हवा दिली नाही तर बुरशी धरतं. खत श्वास घेत नाही. खताला पावसाळ्यात हवा देणं म्हणजे त्याला पाणी पाजणं.

ही चूक मी स्वतः केली आहे म्हणून जोरात सांगतो. दुकान सुरू केलं त्याच्या पहिल्याच वर्षी जुलैत चार दिवस झड लागली होती, पाचव्या दिवशी उघाड पडली, संध्याकाळी थंड हवा सुटली तर मला वाटलं गोडाऊन कोंदट झालंय, जरा हवा लागू द्या. शटर वर केलं, मागची खिडकी उघडली आणि रात्रभर तसंच राहिलं. दोन रात्री असं केलं. आठवड्यानं दाराकडच्या बाजूची थप्पी काढली तर पहिल्या दोन ओळी ढेप, त्याच्या मागची ओळ अर्धी धरलेली, आणि पार मागं कोपऱ्यात जिथं हवाच पोचली नव्हती तिथला माल पहिल्या दिवशीसारखा मोकळा. त्या दिवशी जे समजलं ते कारखान्यात इतकी वर्षं काढून समजलं नव्हतं.

तर नियम असा: पावसाळ्यात गोडाऊन बंद. माल काढायला-घालायला उघडायचं ते दुपारी, ऊन असताना, आणि काम झालं का लगेच खाली. रात्री तर अजिबात नाही, कारण रात्री हवा थंड होते आणि तेवढंच पाणी असलं तरी आर्द्रतेचा आकडा वर जातो. जाळीच्या खिडक्या असतील तर त्यांना प्लास्टिक मारून टाका. उन्हाळ्यात पाहिजे तेवढी हवा द्या, तेव्हा हवेत पाणीच नसतं.

मग मे महिन्यात आलेल्या मालाची ढेप कशी काय होते? तेव्हा तर हवा कोरडी ठक्क असते.

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर दुकानात नाही, कारखान्यात आहे.

दाणेदार मिश्रखत बनतं कसं ते थोडक्यात सांगतो. फिरणाऱ्या मोठ्या ड्रममध्ये कच्चा माल टाकतात, त्यावर पाणी किंवा वाफ मारतात, माल लोळत लोळत दाणा बनतो. तिथून ड्रायर, ड्रायरमधून माल निघतो तो ८०-९० अंशाला. मग चाळण्या, मोठा दाणा क्रशरला आणि बारीक परत ड्रममध्ये. मग कूलर, म्हणजे पुन्हा एक ड्रम ज्यात उलट्या दिशेनं बाहेरची हवा ओढतात. त्यानंतर कोटिंग आणि मग बॅगिंग, म्हणजे पोती भरणं. बॅगिंगच्या वेळी माल ४५ अंशाच्या खाली यायला पाहिजे असं आमचे जुने केमिस्ट साहेब म्हणायचे.

आता गंमत पाहा. मे महिन्यात विदर्भात बाहेरची हवाच ४५-४६ अंश. कूलर ओढतो कोणती हवा? तीच. ४५ च्या हवेनं माल ४५ च्या खाली कसा आणणार? येतो तो ५२-५५ ला, आणि खरीप तोंडावर म्हणून ट्रक गेटवर उभे, मालक म्हणतो भरा. भरला. ५५ अंशाचं पोतं थप्पीत गेलं का ते आठवडे न् आठवडे थंड होत नाही, कारण चारही बाजूंनी तसंच गरम पोतं. आत काय चालतं? दाण्यात जो एक-दीड टक्का ओलावा उरलेला असतो तो गरमीनं बाहेर सरकतो, थंड बाजूकडं, म्हणजे पोत्याच्या पृष्ठभागाकडं जातो आणि तिथं पूल बांधतो. गरम दाणा मऊ पण असतो, वरच्या वजनानं चपटा होऊन शेजारच्याला जास्त जागेवर चिकटतो. वर रासायनिक क्रिया पूर्ण झालेली नसली तर ती पोत्यात चालू राहते. बाहेरच्या हवेचा थेंबही न लागता ढेप तयार.

मी होतो तिथं एका मे महिन्यात असा भरलेला माल महिनाभरानं परत आला होता, दोन ट्रक, हमालांनी पोती उतरवताना धप्प असा आवाज यायचा, नेहमी येतो तसा सळसळ नाही. सगळा पुन्हा क्रशरला टाकला. शिफ्टवाल्यांवर बोट ठेवलं गेलं, आम्ही लॉगबुकात तापमान लिहून ठेवलं होतं म्हणून वाचलो.

मग कारखान्यानं करायचं काय? मे महिना तर दरवर्षी येतो.

आपल्या भागातल्या लहान प्लांटवाल्यांसाठी माझं मत सांगतो, मोठ्या कंपन्यांकडं थंड केलेल्या हवेचे कूलर असतात किंवा आतून गार पाणी फिरणाऱ्या पत्र्यांमधून माल खाली सोडतात, ते आपल्याला परवडत नाही.

उन्हाळ्यात बॅगिंग रात्री आणि पहाटे करा. पहाटे चार वाजता मे महिन्यात पण हवा तिशीच्या आसपास येते, तो कूलरचा सगळ्यात चांगला वेळ. दिवसा निघालेला माल खुल्या ढिगात टाका, दोन-चार दिवस मुरू द्या, मग ढीग फोडून चाळून भरा. ढिगात जी ढेप व्हायची ती तिथंच होऊन जाते आणि फुटते, पोत्यात मग कमी होते.

पावसाळ्यात उलटं. बाहेरची हवा गार पण ओली, ती कूलरमध्ये ओढली का ड्रायरनं काढलेलं पाणी परत मालाला. म्हणून पावसात कूलरच्या हवेला आधी थोडं तापवतात, पाच-सात अंश जरी वाढले तरी तिची आर्द्रता बरीच खाली येते. माल थोडा कोमट निघाला तरी चालेल पण ओला नको.

आणि चाळणी. भुकटी ही ढेपेची आई आहे. बारीक भुकटी दाण्यांच्या मधल्या फटीत बसते, दोन दाण्यांच्या मधात जिथं एक पूल असता तिथं वीस होतात. फाटलेली चाळणी महिना-महिना न बदलणारे प्लांट मी पाहिलेत आणि मग तेच लोकं महागडं कोटिंग तेल विकत घेतात. आधी जाळी बदला बावा.

कोटिंग म्हणजे नेमकं काय लावतात?

दोन प्रकार. एक भुकटी, म्हणजे टाल्क, चिनी माती, डोलोमाइट असं काही, जे दाण्याभोवती बसतं आणि दाण्याला दाण्याशी भिडू देत नाही. भाकरी थापताना पीठ लावतो तसं. दुसरं तेलकट, मेणासारखं, त्यात फॅटी अमाइन नावाचा पदार्थ असतो जो दाण्याला पाणी धरू देत नाही. ते गरम करून टनाला एक-दोन किलो या हिशोबानं फवारतात. कधी दोन्ही, आधी तेल मग भुकटी. जास्त तेल मारलं का पोतं तेलकट होतं आणि भुकटी उडत नाही पण दाणे चिकटतात, म्हणजे जास्त केलं म्हणजे चांगलं असं नाही.

युरियाचं वेगळं आहे. तिथं दाणा बनतो उंच मनोऱ्यात, वरून वितळलेला युरिया शॉवरसारखा सोडतात, खालून हवा येते, पडता पडता थेंबाचा मणी होतो. युरिया १३३ अंशाला वितळतो, त्याच्या जरा वरच ठेवतात. त्या वितळलेल्या युरियातच अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर फॉर्मल्डिहाइड मिसळतात, त्यानं दाणा कडक होतो, चुरा कमी पडतो आणि ढेपही कमी होते.

निंबोळी तेल लावलेल्या युरियाची ढेप होत नाही असं म्हणतात, खरं का?

निंबोळीचं कोटिंग २०१५ पासून सगळ्या युरियाला सक्तीचं झालं, पण ते ढेपेसाठी नाही. ते जमिनीत नत्र हळूहळू सुटावं म्हणून आणि युरिया दुसरीकडं, कारखान्यात-बिरखान्यात वळवला जाऊ नये म्हणून. तेलाचा पातळ थर असतो म्हणून थोडा फरक पडत असेल, पण त्या भरवशावर दार उघडं टाकू नका.

युरिया, सुपर (सुपर फॉस्फेट) आणि पोटॅश घरीच मिसळून ठेवलं तर चालते का? पेरणीच्या दिवशी वेळ नसतो.

मिसळून *ठेवू* नका. मिसळा आणि टाका.

वर हद्दीचे आकडे दिले ना, दोन खतं मिसळली का ती हद्द दोन्हींच्या मधात येत नाही, दोन्हींच्या खाली जाते. युरिया ७३, पोटॅश ८४, पण दोन्ही मिळून ६०. युरिया आणि डीएपी मिळून ६२. युरिया आणि अमोनियम नायट्रेट मिळून किती? १८! म्हणजे मे महिन्याच्या कोरड्या दुपारी पण ते पाणी ओढेल, त्याचा चिखलच होतो, म्हणून ते दोन कोणी कोरडे मिसळत नाही, त्याचं द्रवखत बनवतात.

सुपर फॉस्फेट आणि युरियाचं भांडण तर वेगळंच. सुपरच्या दाण्यात जे फॉस्फेट असतं त्याच्या आत पाणी बांधलेलं असतं, युरिया येऊन त्या पाण्याची जागा घेतो आणि पाणी मोकळं होतं. बाहेरून पाणी यायची गरजच नाही. सकाळी ताडपत्रीवर मिसळलेला ढीग संध्याकाळी हातात घेतला का ओल्या वाळूसारखा लागतो, दुसऱ्या दिवशी शिऱ्यासारखा. लोकं म्हणतात सुपर बोगस निघालं. सुपर बोगस नव्हतं, लग्न चुकीचं लावलं. कारखान्यात पण युरिया-सुपरचं मिश्रखत करायचं तर आधी सुपरला अमोनिया देऊन त्याची आम्लता मारावी लागते, आणि ताजं सुपर तर दोन-तीन आठवडे मुरवल्याशिवाय घेतच नाहीत.

डीएपी आणि पोटॅश मिसळून दोन दिवस ठेवलं तर काही बिघडत नाही. युरिया मात्र शेवटी, धुऱ्यावर म्हणजे बांधावर, टाकायच्या वेळी.

थप्पी किती उंच लावायची?

युरियाची मी उन्हाळ्यात ८ आणि नंतर १० थरांच्या वर लावत नाही. हिशोब करा, २०१८ पासून युरियाचं पोतं ४५ किलोचं आहे, दहा थर म्हणजे सगळ्यात खालच्या पोत्यावर ९ पोती, ४०५ किलो. माणसं उभी केली तर सहा-सात जण एका पोत्यावर उभे. त्यात ते गरम असलं का बसणारच. डीएपी याच्यापेक्षा जास्त सहन करतं.

महिन्याभराच्या वर माल राहणार असेल तर एकदा थप्पी उलटवून घ्या, खालचं वर. हमाली लागते, पण ढेप फोडायची हमाली त्याच्यापेक्षा जास्त लागते. भिंतीपासून हात-दीड हात सोडा, टिनाला टेकवू नका, टिनाच्या आतून सकाळी पाणी ठिबकतं ते खूप जणांना माहीतच नसतं. खाली लाकडी फळ्या पाहिजेच, सिमेंटची फरशी कोरडी दिसते पण पावसाळ्यात तिला पाझर असतो. फळ्या नसतील तर आधी ताडपत्री, मग विटा, मग बांबू. आणि आधी आला तो माल आधी विका. नवा ट्रक समोर लागतो आणि जुना मागं दबून राहतो, दरवर्षीचं आहे.

हमाल पोत्याला आकडा (लोखंडी हुक) लावतात, त्यानं काय फरक पडते? एवढंसं तर भोक.

एवढंसंच भोक पुरतं. पोतं विणलेलं असतं आणि आत पातळ प्लास्टिकची लायनर असते, सगळी राखण त्या लायनरवर आहे.

मागच्या वर्षी मी एक पोतं मुद्दाम कापून पाहिलं. बाहेरून हात लावला तर एका जागी कडक, बाकी मोकळं. उभा चिरा दिला, मोकळा युरिया सळसळत खाली आला आणि आत एक गोळा राहिला, भाकरीच्या टोपल्यातल्या कांद्यापेक्षा मोठा, लहान टरबुजाएवढा, पांढरा, जरासा चमकणारा. त्याच्या बरोबर मधोमध, पोत्याच्या बाजूनं, आकड्याचं भोक. म्हणजे भोकातून ओल आत जशी पसरली तसा त्या गोळ्याचा आकार होता. फोडला तर भोकाजवळ अगदी काचेसारखा घट्ट, आणि आत जाईल तसा ठिसूळ. आमच्या गाडीवाल्या पोरांना तो गोळा दाखवला, तेव्हापासून आकडा बंद. सांगून दहा वेळा ऐकलं नव्हतं.

रेल्वेच्या रेकमधून येणारा माल पाच-सहा वेळा उचलला-टाकला जातो, वॅगन, ट्रक, होलसेलचं गोडाऊन, पुन्हा ट्रक, मग आपण. भोकं पडलेली पोती उतरवतानाच वेगळी काढा आणि आधी विका, किंवा दुसऱ्या प्लास्टिकच्या पोत्यात घाला.

आमच्याकडं गोडाऊन नाही, कोठ्यात ठेवतो. काय काळजी घ्यावी?

ढोरांच्या कोठ्यात ठेवू नका एवढंच सांगतो. तिथं मुत्राची, शेणाची ओल चोवीस तास आणि दुसरं कारण खाली गुरांच्या प्रश्नात आहे. माजघरात, माळ्यावर, कुठंही कोरड्या जागी विटांवर फळी टाकून ठेवा, वरून ताडपत्री चारही बाजूंनी जमिनीपर्यंत. कुटाराच्या ढिगाला लागून नको, बी-बियाण्याला लागून नको. अर्धं पोतं उरलं तर तोंड पिळून सुतळीनं घट्ट बांधा, आतली हवा दाबून काढा. आणि उघडं घमेलं रात्रभर ओसरीत राहिलं का सकाळी त्याचा चिखल झालेला असतो, हे तर सगळ्यांनी पाहिलेलं असते.

ढेप झालेल्या खतात ताकद राहते का?

राहते. कोरडी ढेप असली तर नत्र तेवढंच, स्फुरद तेवढंच. फक्त दाण्यानं दाण्याला धरलं आहे. पण पोत्यातून पाणी गळत असेल तर त्या पाण्यासोबत खतच वाहून चाललं आहे.

एक फरक ओळखा. पोतं कमरेएवढ्या उंचीवरून एकदा आपटा. फुटून मोकळं झालं तर ती ढेप नाही, पोतं नुसतं बसलं होतं वजनानं, त्यावर भांडण करायची गरज नाही. आपटूनही लिंबाएवढे-आंब्याएवढे गोटे राहिले तर ती ढेप.

फोडायची कशी? सब्बल घालू का?

ताडपत्री अंथरा, वर रिकामं पोतं टाका, लाकडी मोगरीनं बडवा, मग मुरमाच्या चाळणीतून काढा. सब्बलीनं मोठे तुकडे होतात आणि भुकटी जास्त. फोडलेलं खत दोन दिवसांच्या आत वापरून टाका, त्याचं कोटिंग तुटलेलं असतं, भुकटी वाढलेली असते, ते पुन्हा धरतं आणि दुसऱ्या वेळी जास्त घट्ट. तोंडाला दुपट्टा बांधा.

कोणीतरी दरवर्षी मजाकीत म्हणतं का विहिरीवाल्यांचा तोटा (सुरुंगाची कांडी) आणून उडवून द्या. हे मजाक नव्हे, एका ठिकाणी खरंच करायचे. जर्मनीत ओपाऊ म्हणून गाव आहे, तिथल्या कारखान्यात अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेटचं मिश्रखत मोठ्या कोठारात साठवायचे, ते धरून प्लास्टरसारखं घट्ट व्हायचं, कुदळीनं निघायचं नाही म्हणून मजूर त्यात लहान सुरुंग लावून ते मोकळं करायचे. हजारो वेळा केलं, काही झालं नाही. २१ सप्टेंबर १९२१ ला सकाळी झालं. सुमारे साडेचार हजार टनांचा तो साठा होता, त्यातला एक भाग उडाला आणि पाचशेच्या वर माणसं मेली, जिथं कोठार होतं तिथं तलावाएवढा खड्डा. आपला युरिया आणि डीएपी तसे उडत नाहीत, आणि शुद्ध अमोनियम नायट्रेट आपल्याकडं खत म्हणून दुकानात मिळतही नाही, त्याला २०१२ पासून वेगळे नियम आहेत. पण तोटा खताजवळ आणायचाच नाही. मोगरी बस आहे.

तिफणीच्या नळीत खत अडकते आणि एक तास (पेरणीची ओळ) कोरडं जाते, मागं पाहिलं का समजते.

गोटे तर चाळून काढाच, पण बहुतेक वेळा अडकतं ते गोट्यानं नाही, भुकटीनं. सकाळी दव असताना लोखंडी नळी थंड असते, तिला आतून भुकटी चिकटते आणि ऊन वर आल्यावर ती सुकून नळी बारीक होते. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात पण तेच. रात्री यंत्राच्या पेटीत खत ठेवू नका, संध्याकाळी उरलेलं काढून घ्या, नळ्यांतून कापड फिरवा. पेरायच्या वेळी दर दोन-तीन फेऱ्यांनी नळी ठोकत चला, आमच्याकडं हे काम पोराला देतात.

संत्र्याला ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट देतो, उघडलेली बॅग आठ दिवसांत पाणी होते. बोगस आहे का?

बोगस असतं तर पाणी झालं नसतं. वर सांगितलं, त्याची हद्द ४७ टक्के, वरुड-मोर्शीच्या पावसाळ्यात त्याचं पाणी होणारच. लागेल तेवढीच बॅग घ्या, उघडली का त्या दिवशी संपवा, उरलं तर घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात. पाणी झालेलं टाकून देऊ नका, ते सगळंच्या सगळं ठिबकमध्ये चालतं, फक्त मापात थोडा अंदाज चुकतो कारण आता त्यात हवेचं पाणीही आहे. दुसऱ्या स्फुरदाच्या किंवा सल्फेटच्या खतासोबत एका टाकीत नको, दही फाटल्यासारखं होऊन ड्रिपर बंद पडतात.

१९:१९:१९, ०:५२:३४ ही दुसरी विद्राव्य खतं जरा बरी आहेत, तरी तोंड बांधून ठेवा.

ढेप निघाली तर दुकानदारानं परत घ्यायला पाहिजे का?

मी घेतो, पण घरी महिनाभर ठेवून आणलेलं घेत नाही. खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये प्रत्येक खतासाठी अन्नद्रव्यं, ओलावा आणि दाण्याचा आकार ठरवून दिला आहे, म्हणून ढेप म्हटलं का लगेच बोगस असं नसतं, आणि एकदम मोकळं पोतं पण अन्नद्रव्यात कमी निघू शकतं. शंका असेल तर बिल सांभाळा, पोतं शिलाईसकट ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी द्या, नमुना अधिकारीच काढतात. सगळ्यात सोपं म्हणजे गाडीत भरायच्या आधी प्रत्येक पोतं एकदा दाबून पाहा. दुकानदाराला राग आला तरी येऊ द्या.

ढेप धुतलेलं पाणी किंवा सांडलेला युरिया गुरांनी चाटला तर?

हे हसण्यावारी नेऊ नका. युरिया खारट लागतो, ढोरं चाटतात. पोटात त्याचा अमोनिया होतो, रक्तात जातो, अर्ध्या तासात जनावर थरथरतं, पोट फुगतं, तोंडाला फेस येतो आणि पडतं. ढेपेचा तुकडा कोठ्यात राहून गेला आणि बैल गेला, असं होतं. दिसलं का ताबडतोब पशुवैद्यकाला फोन, ते येईपर्यंत तोंडातून काय पाजायचं तेही त्यांनाच फोनवर विचारा. युरियाचं रिकामं पोतं धुऊन त्यात गुरांची पेंड-सरकी भरणारे आहेत आपल्याकडं, ते बंद करा.

फरशीवरून झाडून काढलेलं, माती मिसळलेलं खत काय करू?

पेरणी यंत्रात नाही. शेणखताच्या उकिरड्यावर पातळ पसरवा किंवा लिंबाच्या-आंब्याच्या मोठ्या झाडाला खोडापासून दूर, आळ्यात मूठ-मूठ टाका. फरशी आधी कोरडीच झाडा, पाणी मारून विहिरीकडं जाणाऱ्या नालीत सोडू नका. फळ्या उन्हात घालून वाळवा, पुढचा ट्रक येईपर्यंत.